लोभच म्हणायचा का?
जुन्या काळी पैशासाठी होड्यांच्या शर्यती खेळणाऱ्या व्यावसायिक वल्हेकऱ्यांना लोक लोभी म्हणतात. त्यांच्यात सट्टा आणि लबाडी होती, हे मान्यच. १८७९ साली शटाक्वा सरोवरावरच्या शर्यतीआधी अमेरिकन वल्हेकरी कोर्टनीच्या होड्या करवतीने कापलेल्या सापडल्या आणि त्याचा कॅनडाचा प्रतिस्पर्धी हॅन्लन एकटाच वल्हवत गेला, हा किस्सा खराच आहे. पण ‘हे लोक पैशाच्या लोभाने व्यावसायिक झाले’ हे म्हणणं काही पटत नाही. अंगमेहनतीवर पोट भरणाऱ्याला इंग्लंडातल्या बड्या शर्यतींत हौशी (म्हणजे पैशासाठी न खेळणारा) वल्हेकरी मानतच नसत, मग त्याने जायचं कुठे?

सिडनीचा बॉबी पिअर्स बघा. १९२८ ला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, पण पडला सुतार, म्हणून इंग्लंडातल्या हेन्ली इथल्या नौकाशर्यतवाल्यांनी त्याला डायमंड स्कल्स या एकट्याने वल्हवायच्या हौशी शर्यतीत घेतलं नाही. पुढे कॅनडात व्हिस्की विकायची नोकरी लागली, की तोच त्यांना लगेच चालला (रंधा वाईट, बाटली चांगली!). १९३१ मध्ये ती शर्यत जिंकलाच, १९३३ मध्ये व्यावसायिक जगज्जेता झाला आणि ते पद अखेरपर्यंत हरला नाही.