तिचे हात बघा
डच चित्रकार वर्मीरच्या चित्रातली दूध ओतणारी मोलकरीण निवांत, ध्यान लागल्यासारखी वाटते, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. तिचे हात बघा. बाह्या वर सारलेल्या, पंजे रापलेले आणि मनगटाच्या वर कातडी एकदम फिकी. जेमतेम ४५ सेंटिमीटर उंचीचं चित्र, पण कामाची ही खूण त्याने सोडली नाही.

आमच्याकडे जळगावला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई खापरावर मांडे करायची. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. चुलीची सगळी धग हातांवर. पंगतीत मांड्यांचं कौतुक व्हायचं, आमरस पुन्हा मागितला जायचा. तिच्या हातांवरचे चटक्यांचे डाग मात्र मी स्वतः मांडे शिकायला बसले तेव्हाच नीट पाहिले.