इंडोनेशियन व्हिडिओंमधल्या ढोलावरचा तो आवाज कुठून आला? (दांगदुत ऐकणाऱ्यांनी सांगा)

डग्गा_डावीकडे

नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं. गेले काही महिने माझ्या फीडवर इंडोनेशियाचे व्हिडिओ यायला लागलेत. सुरुवात झाली ती होडीच्या टोकावर काळे कपडे आणि गॉगल घालून हात फिरवत नाचणाऱ्या त्या पोरापासून, तो तर तुम्ही सगळ्यांनीच बघितला असणार. तो दोन-चारदा बघितला आणि मग काय, एकामागून एक तिकडचेच. त्यात एक गावातल्या लग्नाचा होता, मांडव, रंगीत लाइट, एक बाई गातायत आणि मागे कोपऱ्यात एक माणूस दोन छोटे ढोल घेऊन बसलाय. गाण्यातला एक शब्द कळत नव्हता पण माझा कान त्या माणसावरून हलेना. मी नऊ वर्षं तबला शिकतोय, आणि तो जे करत होता ना तो सरळ सरळ घिस्सा आहे हो, तळहाताची टाच कातड्यावर दाबून घासत नेली की आवाज कसा चढत जातो, तसाच. आधी आवाज बंद करून नुसता हात बघितला, मग डोळे मिटून नुसतं ऐकलं, तरी तेच.

तर हे वाद्य काय आहे, आपल्याकडून गेलंय का? आणि मधेमधे पुरुष मंडळी काहीतरी ओरडतात ते काय असतं? आणि लोक गाणाऱ्या बाईंच्या हातात नोटा देत होते, एकेक करत, ते तिकडे नेहमीचं आहे का? अजून काय बघावं तेही सांगा, मला खरंच यात शिरायचंय.

रात्रीचा_रेडिओ

तुम्ही ऐकलंत ते दांगदुत. नावच मुळी ढोलाच्या आवाजावरून पडलंय, 'दांग' आणि 'दुत', आणि तुम्ही ज्याला घिस्सा म्हणताय तोच तो 'दुत'. त्या ढोलांच्या जोडीला केतिपुंग म्हणतात, एक लहान एक मोठा, तबला-डग्ग्यासारखीच वाटणी. मूळ ठेक्यात चौथ्या मात्रेवर दांग पडतो आणि पुढच्या समेवर दुत, आणि या ठेक्याला तिथले वादक काय म्हणतात माहितीये? 'चाल्ते'! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

१९५० च्या दशकात तिकडे हिंदी पिक्चर धो धो चालायचे, तेव्हा मलाय गाण्यांच्या ज्या ऑर्केस्ट्रा होत्या त्यांनी हिंदी चाली घेऊन त्यावर आपले शब्द बसवायला सुरुवात केली. एल्या खादमचं 'बोनेका दारी इंडिया' म्हणजे 'भारतातली बाहुली' हे त्यातलं गाजलेलं. मग ७० च्या दशकात रोमा इरामा आला, त्याच्या बँडचं नाव सोनेता, त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि एकदम हार्ड रॉकचा जोर आणला, आजही त्याला दांगदुतचा राजा म्हणतात आणि एल्वी सुकाएसीहला राणी. दांगदुत हा शब्द सुरुवातीला नावं ठेवायला वापरायचे बरं का. शहरातली शिकलेली मंडळी या गाण्यांना 'काम्पुंगान' म्हणायची, काम्पुंग म्हणजे खेडं, म्हणजे आपल्या भाषेत गावठी. मला या संगीताबद्दल जे प्रेम वाटतं ते याच्यामुळेच जास्त वाटतं. १७ ऑगस्ट २०२२ ला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, जकार्ताच्या राष्ट्रपती भवनात पूर्व जावातल्या बान्यूवांगीच्या एका बारा वर्षांच्या मुलाने याच घराण्यातलं जावानीज गाणं म्हटलं आणि समोर मंत्री उठून नाचत होते, तो व्हिडिओ नक्की शोधा.

सुराबाया_तीन_वर्षं

डग्गादादा, नोटांचं मी सांगते, मी तीन वर्षं पूर्व जावातल्या सुराबायाला नोकरीला होते. त्याला 'सावेर' म्हणतात. मूळ शब्द पश्चिम जावातल्या सुंदानीज लोकांच्या लग्नातला, नवरा-नवरीवर तांदूळ, हळद आणि नाणी उधळतात तो विधी, आपल्या अक्षतांच्या जवळचा. तोच शब्द पुढे स्टेजवर गेला, म्हणजे आपली तमाशातली दौलतजादा म्हणा हवं तर. आमच्या घरमालकीणबाईंच्या भावाकडे मुलाच्या सुंतेचा कार्यक्रम होता, तिथे मी पहिल्यांदा समोरून बघितलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे बायका-पोरं, आणि एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला काळी टोपी, हातात पाच-पाच हजार रुपियाच्या नोटांची चवड, ते स्टेजवर चढले आणि एक नोट द्यायची, दोन पावलं नाचायचं, परत एक नोट, असं गाणं संपेपर्यंत चाललं होतं. गाणाऱ्या मुलीने एकही सूर न सोडता प्रत्येक नोट घेतली, आणि मधे त्यांचं नाव गाण्यात गुंफून घेतलं तेव्हा ते असे काही खुलले की बस.

तुम्ही ज्या ओरडण्याबद्दल विचारलंत त्याला 'सेंग्गाकान' म्हणतात, ठेक्याच्या मोकळ्या जागा भरायला मारलेल्या आरोळ्या. पूर्व जावाकडचा जो वेगवान प्रकार आहे, कोप्लो, त्यात हे फार. कोप्लो ऐकायला लागलात तर न्यू पालापा नावाची ऑर्केस्ट्रा आहे, तिचे ढोलवादक चाक मेत, त्यांचा हात बघाच, तुम्हाला झोप लागणार नाही.

आणि ही व्हिडिओची सवय यूट्यूबपासूनची नाहीच मुळी. त्याच्या आधी व्हीसीडी होत्या. पूर्व जावात गावोगावचे कार्यक्रम शूट करून बाजारात व्हीसीडी विकायचे, त्यांच्या कॉप्या निघायच्या, कॉप्यांच्या कॉप्या निघायच्या. पासुरुआनची इनुल दाराटिस्ता अशीच देशभर पोचली, टीव्हीवाल्यांनी तिला नंतर घेतलं. तिच्या नाचाला 'गोयांग ङबोर' म्हणजे ड्रिल मशीनसारखा नाच म्हणायचे, २००३ मध्ये त्यावरून एवढा गदारोळ झाला, खुद्द रोमा इरामाने विरोध केला. ती तरीही टिकली.

आता तोच सावेर फोनवर गेलाय. लाइव्ह करणाऱ्याला पैसे पाठवले की त्यालाही सावेरच म्हणतात, त्यासाठी जी वेबसाइट आहे तिचं नावसुद्धा 'सावेरिया'. पण याची एक बाजू मला फार लागली. जानेवारी २०२३ मध्ये लोंबोक बेटाकडच्या म्हाताऱ्या बायकांचे लाइव्ह आले होते, चिखलाच्या पाण्यात बसून तासन् तास डोक्यावर तांब्यातांब्याने पाणी ओतायचं आणि बघणाऱ्यांनी गिफ्ट पाठवायच्या. थंडीने कुडकुडत होत्या त्या. शेवटी सामाजिक कल्याण मंत्र्यांनी असं ऑनलाइन भीक मागायला लावण्याविरुद्ध परिपत्रक काढलं. स्टेजवर त्या गृहस्थांनी नोट दिली तेव्हा ते त्या मुलीच्या समोर उभे होते, तिने नाव घेतलं, सगळ्या गावाने बघितलं. इथे देणारा कोण, घेणारी कोण, मधले पैसे कोणाकडे, काहीच दिसत नाही. शब्द तोच ठेवलाय याचं मला वाईट वाटतं.

डग्गा_डावीकडे

ताई, हे वाचून गप्पच झालो थोडा वेळ. आणि 'चाल्ते' चं तर काय बोलू, आमच्याकडे भजनात शेवटी ठेका धावायला लागतो त्याला चलतीच म्हणतात. म्हणजे हे आपलंच की हो!

उत्तरायण

डग्गाभाऊ, तुमचा आनंद समजतो पण 'आपलंच' म्हणून थांबू नका ही विनंती, मी पण आधी तीच चूक केली होती. दांगदुतमध्ये मलाय आहे, अरबी आहे, रॉक आहे, आणि ज्यांनी ते एकत्र शिजवलं ते लोक तिथले आहेत. हिंदी धागा शोधत बसलं की समोरचा माणूस दिसेनासा होतो.

दिदी केम्पोत ऐका. मध्य जावातल्या सोलो शहराचे, जावानीज भाषेत गायचे, प्रकार कांपुरसारी, म्हणजे गामेलानची (तिकडच्या पारंपरिक वाद्यवृंदाची) वाद्यं आणि कीबोर्ड एकत्र. सुरुवातीला रस्त्यावर गायचे. त्यांची बहुतेक गाणी सोडून गेलेल्या माणसाची, एक तर सोलोच्या बालापान रेल्वे स्टेशनवर निरोप दिलेल्याची आहे. पुढे ते मोठ्या माणसांचे गायक म्हणून मागे पडल्यासारखे झाले होते आणि २०१९ मध्ये एका यूट्यूब कार्यक्रमाचं सोलोजवळ शूटिंग झालं तर समोर सगळी विशीतली पोरं, प्रत्येक ओळ पाठ, मोठमोठ्याने गात रडतायत. तिथून ते 'तुटलेल्या हृदयांचे गॉडफादर' झाले आणि पोरं स्वतःला 'सोबात आंब्यार' म्हणवून घ्यायला लागली, आंब्यार म्हणजे पार चुराडा झालेला. एप्रिल २०२० मध्ये कोरोनासाठी त्यांनी टीव्हीवर घरून कार्यक्रम केला, ७ अब्ज रुपियांच्या वर मदत जमली, आणि ५ मे ला ते गेले, ५३ व्या वर्षी. मी ती बातमी फोनवर बघितली आणि दिवसभर काही सुचलं नाही, भाषा येत नसताना.

तो होडीवरचा मुलगा पण असाच. ती पाचु जालुर नावाची शर्यत आहे, रिआउ प्रांतात कुआंतान नदीवर, एकाच झाडाच्या खोडातून कोरलेल्या लांबच लांब होड्या आणि एकेकीत पन्नास-साठ वल्हेकरी. टोकावर जे पोर उभं असतं त्याला 'तोगाक लुआन' म्हणतात आणि आपली होडी पुढे आहे हे काठावरच्या लोकांना कळावं म्हणून ते नाचतं. जगाने २०२५ मध्ये त्याला स्टाइल म्हणून बघितलं, पण हलत्या होडीच्या निमुळत्या टोकावर तोल सांभाळत नाचणं हे त्याचं काम आहे, आणि ते तो लहानपणापासून शिकलाय.

पडदा_वर

उत्तरायण बरोबर बोलले, तरी आपल्याकडच्या एका गाण्याचा किस्सा सांगतोच कारण तो फार गोड आहे. २०११ मध्ये सुलावेसी बेटावरच्या गोरोंतालोचा एक पोलीस, नॉर्मन कामारू, ड्यूटीवर बसल्या बसल्या 'छैय्या छैय्या' वर ओठ हलवत नाचला, शेजारी दुसरा पोलीस शांत बसलेला. सहकाऱ्याचा मूड गेला होता म्हणून केलं असं तो म्हणाला. वरिष्ठ शिक्षा करणार होते पण लोकच त्याच्या बाजूने उभे राहिले, मग टीव्हीवर बोलावणी सुरू झाली, आणि वर्षाअखेर त्याची पोलिसातली नोकरी संपलेली होती.

बाकी बघायचं म्हणाल तर तिकडे ऑनलाइन गोष्टींचे पिक्चर होतात ते बघा. ट्विटरवर २०१९ मध्ये एका निनावी माणसाने भुताची गोष्ट तुकड्यातुकड्यात लिहिली, कॉलेजची पोरं गावात सेवाशिबिराला जातात, आपल्या एनएसएस कॅम्पसारखं, आणि तिथे नको त्या जागी पाय ठेवतात. त्याचा पिक्चर, 'केकेएन दी देसा पेनारी', २०२२ मध्ये आला आणि थिएटरात ९० लाखांच्या वर लोक आले. नंतर 'आगाक लाएन', चार कॉमेडियनांच्या पॉडकास्टवरून निघालेला, २०२४ चा, तोही ९० लाखांच्या वर. भुताच्या पिक्चरला रात्री एकटे बसू नका एवढंच सांगतो.

डग्गा_डावीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरायण, तुमचं मान्य, 'आपलंच' हा शब्द मागे घेतो. काल रात्री चाक मेतचा एक व्हिडिओ अर्ध्या स्पीडवर लावून डग्गा घेऊन बसलो. दांग जमतो. दुत जमत नाहीये, मी घिस्सा लांब ओढतो आणि त्यांचा चढतो आणि लगेच तुटतो, बोट कुठे उचलतात तेच दिसत नाहीये मला. सुराबायाताई, तिकडे कुणी ढोलवाला ओळखीचा असेल तर हे एवढं विचारून सांगाल का?

सुराबाया_तीन_वर्षं

घरमालकीणबाईंचा भाचा वाजवतो. तुमचा हात दिसेल असा एक छोटा व्हिडिओ टाका इथे, त्याला पाठवते.