सीएकडचे कागद आणि कलम 132

काही जण म्हणतात की वकिलाचा सल्ला सीएकडे (चार्टर्ड अकाउंटंटकडे) ठेवला तरी गोपनीयतेचं कवच कायम राहतं. इथे फार सांभाळून राहायला हवं.

अशील आणि वकील यांच्यातलं बोलणं गोपनीय ठेवणारं भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 132 वकील, त्यांचे दुभाषे, कारकून आणि नोकर यांच्यापुरतंच आहे. सीए, ऑडिटर, बँक त्यात नाहीत. इंग्लंडमध्येही 2013 साली प्रुडेन्शियल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की करसल्ला तोच असला तरी तो अकाउंटंटने दिला असेल तर हे संरक्षण नाही.

शिवाय खुद्द वकिलाकडचे कागदही सरसकट सुरक्षित नाहीत. ईडीने ज्येष्ठ वकिलांना समन्स धाडल्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि 31 ऑक्टोबर 2025 ला निकाल दिला. अशिलाचं बोलणं सुरक्षित, पण वकिलाच्या ताब्यातले दस्तऐवज बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 94 खाली कोर्टासमोर मागवता येतात. लॅपटॉप किंवा फोन असेल तर तो कोर्टातच हजर करायचा, पक्षकाराची हरकत ऐकायची, आणि उघडायचाच झाला तर पक्षकार व वकील यांच्यासमोर. इतर अशिलांची माहिती उघडी पडू द्यायची नाही. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

सीएच्या ऑफिसातला सर्व्हर उचलून नेला तर एवढी काळजी कोण घेणार? म्हणून वकिलाच्या मताचा मेल जसाच्या तसा सीएला फॉरवर्ड करू नका. हिशेबाला लागणारे आकडे तेवढे कळवा.