वाचनालयाच्या वेबसाइटचं सर्टिफिकेट: फुकटचं की विकतचं?

चिटणीस
आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी आणि देणग्या वेबसाइटवरून येतात. गेल्या महिन्यात सर्टिफिकेटची (साइट खरी आहे आणि माहिती गुप्तपणे जाते याची खात्री देणाऱ्या डिजिटल दाखल्याची) मुदत संपली आणि ब्राउझर 'ही साइट सुरक्षित नाही' म्हणू लागला. दोन देणगीदारांनी घाबरून फोन केले. साइट सांभाळणारे गृहस्थ दरवर्षी सर्टिफिकेटचे पैसे घेतात, तरी ही वेळ आली. माझं मत स्पष्ट आहे: लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं मोफत सर्टिफिकेट घ्यावं. 2015 च्या डिसेंबरपासून ते सर्वांना खुलं आहे आणि एन्क्रिप्शन (माहिती गुप्त करून पाठवणं) विकतच्याइतकंच पक्कं आहे.

हिशेबनीस
मला हे पटत नाही. मोफतवाले फक्त डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) तुमच्या ताब्यात आहे का एवढंच बघतात. संस्था नोंदणीकृत आहे का, हे कुणी विचारत नाही. विकतच्या ओव्ही (संस्थेची ओळख तपासून मिळणाऱ्या) सर्टिफिकेटला कागदपत्रं तपासतात. लोकांकडून देणगी मागायची तर तेवढा खर्च करायलाच हवा.

सर्व्हरवाला
पण ते तपासलेलं नाव देणगीदाराला दिसतं कुठे? ईव्ही (त्याहून कडक तपासणीचं) सर्टिफिकेट असलं की पत्त्याच्या पट्टीत संस्थेचं नाव यायचं. 2019 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते तिथून काढलं. विश्वास मिळवायचा तर देणगीच्या पानावर नोंदणी क्रमांक टाका आणि खातं संस्थेच्याच नावावर ठेवा.

खरा प्रश्न मुदतीचा आहे. 15 मार्च 2026 पासून नवं सर्टिफिकेट जास्तीत जास्त 200 दिवसांचं, 2027 च्या त्याच तारखेपासून 100 आणि 2029 पासून 47 दिवसांचं. विकतचं घ्या नाहीतर फुकटचं, दर दीड महिन्याला हातानं कोण बदलणार? नूतनीकरण आपोआप झालंच पाहिजे.

हिशेबनीस
आपोआप म्हणजे कुणाचंच लक्ष नाही! मी हे भोगलंय. एका शाळेच्या सर्व्हरवर सर्टबॉट (सर्टिफिकेट आपोआप नवं करणारा प्रोग्राम) व्यवस्थित चालू होता. कुणीतरी फायरवॉलमध्ये (सर्व्हरवर येणारी-जाणारी वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेत) 80 नंबरचं पोर्ट, म्हणजे साध्या जोडणीची वाट, बंद केलं. डोमेनची पडताळणी त्याच वाटेनं व्हायची, ती अडली. साइट मात्र 443 या सुरक्षित जोडणीच्या पोर्टवर चालत राहिली, त्यामुळे मुदत संपेपर्यंत कुणाला पत्ता नाही. आणि लेट्स एन्क्रिप्टनं जून 2025 पासून मुदतीच्या आठवणीचे ईमेलही बंद केलेत. आपल्या छोट्या वाचनालयात हे रोज कोण बघणार?

सर्व्हरवाला
हा मुद्दा रास्त आहे. मुदतीवर नजर ठेवणारी वेगळी सेवा लावा, वीस दिवस उरले की दोघांना तरी मेल गेला पाहिजे. पण विकतचं घेतलं म्हणून हे काम टळत नाही. चिटणीस, तुम्ही पैसे भरत होता तरी मुदत संपलीच ना? आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा.

चिटणीस
आत्ताच बघितलं. डोमेन त्या गृहस्थांच्याच नावावर आहे, आणि आठवणीचे मेल आमच्या माजी चिटणीसांच्या पत्त्यावर जात होते. ते जाऊन दोन वर्षं झाली. डोमेन संस्थेच्या नावावर करायचा अर्ज उद्याच देतो.

हिशेबनीस
ते आधी करा. ओव्हीचा माझा आग्रह मात्र कायम आहे, वार्षिक सभेत मांडेन.