‘फास्ट’ म्हणजे वेगवान की घट्ट?

परळची शिकवणी:
मी परळला दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. एका मुलीने नव्या ओढणीच्या चिठ्ठीवर ‘फास्ट कलर’ असे वाचले आणि हा रंग भरभर उडणार का, असे विचारले. वर्ग हसला. ‘पक्का रंग’ असा अर्थ मी सांगितला, तेव्हा तिने पुढचे विचारले: मग लोकलला फास्ट का म्हणतात, आणि आषाढी एकादशीच्या उपवासाला इंग्रजीत फास्ट म्हणतात तो कोणत्या अर्थाने? हे तीन निराळे शब्द स्पेलिंगपुरते जुळले आहेत की एकाच घरचे आहेत? ‘पाठ कर’ म्हणून तिची बोळवण करणे मला बरे वाटत नाही.

जुनी पाने:
ताई, तिघेही एकाच घरचे आहेत आणि घरातला वडील अर्थ ‘घट्ट, न हलणारा’ हा आहे. जर्मन भाषेतला ‘फेस्ट’ आजही तोच अर्थ सांगतो. इंग्रजीत तो ‘फासन’ (fasten, घट्ट बांधणे) या क्रियापदात, ‘स्टेडफास्ट’ (अढळ) मध्ये आणि ‘फास्ट अस्लीप’मध्ये टिकून आहे, तिथे कोणी वेगाने झोपत नाही, गाढ झोपते. उपवासाचा अर्थ नियम घट्ट धरण्यातून आला आणि तो मोडणारे खाणे म्हणून ‘ब्रेकफास्ट’. वेगाचा अर्थ सर्वांत धाकटा. घट्ट धरणे, मग नेटाने मारणे, मग नेटाने धावणे असे करत क्रियाविशेषण वेगापर्यंत पोचले आणि शेवटी त्याच अर्थाने घर बळकावले. मुलीला हे परके वाटायचे कारण नाही, कारण ‘जोर’ म्हणजे बळ असूनही आपण ‘जोरात पळ’ म्हणतो तेव्हा वेगच सांगत असतो. गंमत एवढीच की ‘स्टँड फास्ट’ म्हणजे जागचे हलू नका आणि ‘रन फास्ट’ म्हणजे पळत सुटा.

रंगखाते:
व्युत्पत्ती मान्य आहे, पण ‘पक्का’ या शब्दाने मुलीची समजूत अर्धीच होईल. माझी नोकरी गिरणीच्या रंगखात्यात झाली. तिथे रंग नुसता फास्ट कधीच नसे, तो कशाला फास्ट आहे हे सांगावे लागे. धुणे आणि घासणे यांना १ ते ५ अशी श्रेणी देतात, उन्हाला १ ते ८, आणि मोठा आकडा चांगला. धुण्यात ५ मिळवलेले कापड चाळीच्या गॅलरीत उन्हाळाभर वाळत घातले तर विटू शकते, आणि निळीने रंगवलेली जीन्स धुण्यात बरी निघाली तरी घासल्यावर रंग सोडते. त्यामुळे चिठ्ठीवर केवळ ‘फास्ट कलर’ छापणे हे माझ्या मते निम्मेच वाक्य आहे.

रोजची बोरिवली:
लोकलचा ‘फास्ट’सुद्धा निव्वळ वेगाचा नाही. मुंबईत त्याचा अर्थ ‘मधली स्थानके गाळणारी’ असा झाला आहे. विरार फास्ट बोरिवलीच्या पुढे बहुधा प्रत्येक स्थानकावर थांबते, आणि सिग्नलला उभी राहिली तर शेजारून स्लो गाडीही पुढे निघून जाते, तरी तिचे नाव फास्टच. उद्घोषणेत ती ‘जलद’ असते, पण फलाटावर तसे कोणी म्हणत नाही. पाच मिनिटे पुढे लावलेले घड्याळही फास्ट म्हणवते, चालत असते मात्र बरोबर गतीने. इथे मराठी ‘घड्याळ पुढे आहे’ म्हणते, ते मला अधिक नेमके वाटते.

परळची शिकवणी:
सर्वांचे आभार. ‘जोरात पळ’ तिला लगेच पटले आणि ‘कडक उपवास’ या शब्दांतला कडकपणा तिने स्वतःहून जोडून दाखवला. रंगखात्यातील दादांचे म्हणणेही सांगितले, पण तोवर ओढणी एकदा धुऊन झाली होती, बादलीतले पाणी गुलाबी झाले होते, आणि चिठ्ठीचा पहिला लावलेला अर्थच बरोबर होता यावर ती ठाम आहे.