भावाने तीनदा दगा दिला तरी लुवेलिनने त्याला परत जवळ का केलं?

निवांत_वाचक:
सध्या वेल्सच्या इतिहासात घुसलोय. तेराव्या शतकातला ग्विनेदचा (उत्तर वेल्समधलं राज्य) लुवेलिन, म्हणजे ज्याला वेल्सचा शेवटचा प्रिन्स म्हणतात तो. त्याचा धाकटा भाऊ दाविद १२५५ मध्ये थोरला भाऊ ओवाइन याला हाताशी धरून त्याच्यावर चालून आला, ब्रिन डेरविनला दोघांनी मार खाल्ला. ओवाइनला लुवेलिनने २२ वर्षं डांबून ठेवलं पण दाविदला वर्षभरात सोडलं, वर जमीन दिली. १२६३ ला हा पठ्ठ्या इंग्रजांना जाऊन मिळाला, तरी पुढे परत घेतला. १२७४ ला तर चक्क खुनाचा कट. एकाला इतकी वर्षं कोंडायचं आणि दुसऱ्याला मोकाट सोडायचं, हे काय लॉजिक आहे?

आडवाटेचा_पांथस्थ:
आधी तिकडचा वारसाहक्क बघा. वेल्श कायद्यात बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटायची, अनौरस असला तरी बापाने आपला म्हटला की त्यालाही हिस्सा. यांच्या आजोबांनी, म्हणजे थोरल्या लुवेलिनने, ही पद्धत मोडून सगळं राज्य इंग्लंडच्या राजकन्येपासून झालेल्या मुलाला द्यायचं ठरवलं, पोपकडून शिक्कामोर्तबही करून आणलं. दुसरा मुलगा ग्रिफिद, म्हणजे या चौघा भावांचा (ओवाइन, लुवेलिन, दाविद, रॉद्री) बाप, तो बाजूला पडला. आधी बापाने त्याला कैदेत टाकलं, मग सावत्र भावाने. त्याची बायको सेनाना १२४१ मध्ये इंग्लंडच्या हेन्रीकडे न्याय मागायला गेली, हेन्रीने ग्रिफिदला भावाच्या तावडीतून काढलं आणि स्वतःच्याच लंडन टॉवरमध्ये नेऊन ठेवलं 🙂 तिथून १ मार्च १२४४ ला चादरींना गाठी मारून दोर केला आणि खाली उतरायला लागला, माणूस अंगाने भारी, दोर तुटला आणि जागीच गेला.

आता मुद्द्याचं. याच सौद्यात सेनानाने धाकटे दोघे, दाविद आणि रॉद्री, हेन्रीकडे ओलीस ठेवले होते. म्हणजे दाविद लहानपणीच इंग्रजांच्या हातात गेलेला आणि पुढचा राजा एडवर्ड त्याच्याच वयाचा. लुवेलिनने कितीही दार बंद केलं तरी याला दुसरं दार कायम उघडं. १२६७ च्या माँटगोमेरी तहात हेन्रीने लुवेलिनला 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून मान्यता दिली ना, त्यातच दाविदला त्याचं वतन परत द्यायचं असंही कलम घातलं. म्हणजे माफी बिफी काही नाही, तहाची अट होती ती.

चहाबाज:
तहाची अट १२६७ ची झाली, १२५६ ला कोणी सांगितलं होतं? माझं मत वेगळं आहे. लुवेलिनला पोरबाळ नव्हतं, त्याने लग्नच केलं १२७८ मध्ये, पन्नाशी गाठल्यावर. मग गादीवर कोण? ओवाइन थोरला, त्याचा हक्क लुवेलिनइतकाच, त्याला बाहेर काढला की अर्धं राज्य गेलं. राहिला दाविद. त्याला जवळ ठेवायचं पण ताकद द्यायची नाही असा हा कंजूष कारभार. वाटणी मागणाऱ्या भावाला तुकडा फेकून गप्प करता येतं असं त्याला वाटत राहिलं.

आणि १२७४ चा कट बघा ना, पोविस या शेजारच्या वेल्श राज्याच्या ग्रिफिदचा मुलगा ओवाइन (हे दोघेही वेगळे, नावांनी डोकं उठतं) हत्यारबंद माणसं घेऊन येणार, लुवेलिनला मारणार, दाविद राजा होणार, बदल्यात या ओवाइनला दाविदची मुलगी आणि जहागीर. फेब्रुवारीत बर्फ इतका पडला की माणसं पोचलीच नाहीत. कट कळला तेव्हा दाविद पळाला, कुठे? एडवर्डकडेच.

आडवाटेचा_पांथस्थ:
@चहाबाज वारसाचा मुद्दा बरोबर आहे, पण कंजूष म्हणताना हेही धरा की त्या तहापोटी लुवेलिनने २५,००० मार्क (तेव्हाचं हिशोबाचं चलन) कबूल केले होते, वर्षाला ३,००० चा हप्ता. डोंगराळ मुलूख, गुरंढोरं हीच संपत्ती, रयतेला पिळून पैसे काढत होता. भावाला द्यायला होतं काय?

निवांत_वाचक:
दोघांचेही आभार. पण मग १२८२ मध्ये दाविद उलटा एडवर्डवरच का तुटून पडला?

चहाबाज:
एडवर्डने १२७७ ला लुवेलिनला नमवलं तेव्हा दाविद इंग्रजांच्या बाजूने होता, ग्विनेदमध्ये मोठा वाटा मिळेल या आशेवर. पदरात पडले पूर्वेकडचे दोन परगणे. वर चेस्टरचा इंग्रज अधिकारी मानगुटीवर बसलेला, होप नावाच्या ठिकाणच्या जमिनीसाठी दाविदला इंग्रजी कोर्टात खेचलं. दाविद म्हणाला वेल्समधल्या जमिनीचा निवाडा वेल्श कायद्याने करा, ऐकतो कोण. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) इंग्रजांच्या हार्डन किल्ल्यावर हल्ला केला आणि लुवेलिन, ज्याची बायको तेव्हा गरोदर होती, तोही त्यात ओढला गेला. ती जूनमध्ये बाळंतपणात गेली, तो ११ डिसेंबरला किल्मेरीजवळ मारला गेला. दाविदने राजेपद घेतलं ते जेमतेम सहा महिने. ३ ऑक्टोबर १२८३ ला श्रूजबरीत त्याला हालहाल करून मारलं. त्याचे दोन मुलगे ब्रिस्टलच्या किल्ल्यात, लुवेलिनची तान्ही ग्वेनलियन लांब लिंकनशायरच्या मठात.

शेंगदाणा:
रॉद्रीचं कोणीच बोलत नाही. तो सगळ्यात शहाणा, १२७२ मध्ये १,००० मार्कच्या बदल्यात हक्क सोडून दिला आणि इंग्लंडला जाऊन जमीनदार झाला. गंमत म्हणजे त्याचा नातू ओवाइन फ्रान्सच्या बाजूने लढायला लागला आणि वेल्सच्या गादीवर हक्क सांगायला लागला, तर इंग्रजांनी १३७८ मध्ये मारेकरी घालून त्याचाही काटा काढला.