माचाची प्रत नेमकी कशावरून ओळखावी? मदत हवी आहे

दूध वा साखर न घालता नुसत्या पाण्यात फेटून पिण्यासाठी मला चांगल्या प्रतीचा माचा (जपानी हिरव्या चहाची बारीक भुकटी) निवडायचा आहे. ‘सेरेमोनियल’ (नुसता पिण्यासाठीचा) आणि ‘क्युलिनरी’ (पदार्थांत घालण्यासाठीचा) या प्रतींना कायदेशीर व्याख्या नाही, त्या विक्रेतेच ठरवतात, एवढे वाचनातून समजले आहे.

माझ्याकडील दोन्ही पाकिटांवर ‘सेरेमोनियल’ असेच छापलेले आहे. तरीही एकातील भुकटी तजेलदार हिरवी असून बोटांवर चोळल्यास अगदी मऊ लागते, तर दुसरीचा रंग पिवळटपणाकडे झुकणारा आहे, ती किंचित रवाळ लागते आणि तिची कडवट, तुरट चव घशाशी बराच वेळ रेंगाळते. भुकटी चाळून घेणे, सुमारे ७० मिलिलीटर पाण्यास २ ग्रॅम हे प्रमाण पाळणे, पाणी ८० अंश सेल्सिअसवर जाऊ न देणे आणि चासेनने, म्हणजे बांबूच्या फेटणीने, फेटणे, हे सर्व करूनही फरक कायम राहिला. दोन्ही पाकिटे मुदतीतील असून हवाबंद डब्यांत, प्रकाशापासून दूर ठेवलेली आहेत.

सावलीत वाढवलेल्या पानांत हरितद्रव्य आणि थिअनिन (चहाला सौम्य चव देणारे अमिनो आम्ल) अधिक असते, हे मला ठाऊक आहे. पण भुकटी जुनी झाली तरी रंग उतरतोच, आणि खरी अडचण इथेच आहे. जपानमधील उजी किंवा निशिओ हे उगमस्थान छापलेले असणे मला पुरेसे वाटत नाही.

खरेदीपूर्वी पाकीट उघडून पाहणे शक्य नसल्यास पहिली तोडणी, सावलीचे दिवस, झाडाचे वाण, दळण्याची पद्धत आणि दळल्याची तारीख यांपैकी कोणती माहिती विक्रेत्याकडून आवर्जून मागावी, आणि हाती आलेल्या भुकटीचा पिवळटपणा मुळातल्या हलक्या पानांचा की साठवणुकीतील शिळेपणाचा, हे घरच्या घरी कसे ओळखावे?